अप्पांना आणायला

"आज अप्पांना घेऊनच परतायचं," बस सुटताच धाकट्याने जाहीर केलं. "किती दिवस हे असं लोंबकळत ठेवायचं? आज काय तो सोक्षमोक्ष."

त्याची बायको खिडकीबाहेर बघत होती. "बघू या, त्यांचं काय म्हणणं पडतं ते," ती म्हणाली.

"त्यांचं काय म्हणणं पडायचंय?" त्याची थोरली बहीण, ताई, म्हणाली. "पंधरा दिवसांची हवापालट म्हणून गेले होते. आता थंडी पडली."

भावजय पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. धाकट्यानेही विषय बदलून बसच्या भाड्याबद्दल कुरकुर सुरू केली. ताईला त्या क्षणी एवढंच वाटलं, की आज निदान दोघं आपल्या बाजूने आहेत. हे घरात फार वेळा घडत नसे.

अप्पा उन्हाळा संपता संपता न्यूमोनियातून उठले, तेव्हा डॉक्टरांनीच समुद्रकाठच्या हवेचं नाव काढलं होतं. राजधानीपासून तासाभरावरच्या त्या उपनगरात आत्या राहायची. अप्पांची ही धाकटी बहीण विधवा होती, मूलबाळ नव्हतं, आणि तिचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचा. तिच्याकडे अप्पांना पाठवणं ताईच्या जिवावर आलं होतं. दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं, आणि तेही आईच्या आजारपणापासूनचं. त्या दिवसांत आत्या फुलं घेऊन यायची, आईला हसवून हसवून दमवायची आणि शेवटच्या बसने निघून जायची. बेडपॅन ताईच्या वाट्याला यायचं. त्याच काळात आलेलं एक चांगलं स्थळ ताईने 'नंतर बघू' म्हणून परत पाठवलं, आणि ते नंतर काही उगवलं नाही. आई गेली. मग अप्पांचा रक्तदाब, अप्पांचा खोकला, अप्पांचं पथ्य. ताईची पन्नाशी कधी उलटली ते तिच्या स्वतःच्याही लक्षात राहिलं नाही.

अप्पा गेल्यापासून दर आठवड्याला फोन व्हायचा. "कधी येताय?" ताई विचारायची. "बघू, पुढच्या आठवड्यात," अप्पा म्हणायचे. तिने त्यांची गादी उन्हात घातली, खिडकीच्या फटी कापडाने बुजवल्या, नवीन ब्लँकेट आणलं. पुढचा आठवडा मात्र पुढेच सरकत राहिला.

शेवटच्या थांब्यावर तिघं उतरली तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. आता हॉटेलांची शटर्स खाली होती, खुर्च्या एकीवर एक रचून ताडपत्रीत बांधल्या होत्या, आणि वाऱ्याने उडवलेली वाळू फुटपाथच्या कडेने साचली होती. आइस्क्रीमच्या दुकानावर रंग उडालेली एक पाटी खडखडत होती. वाळूवर कपडे बदलायच्या लाकडी खोल्यांची रांग होती. काहींची दारं काढून शेजारी टेकवून ठेवली होती. समुद्राचा आवाज सारखा येत होता, पण इमारतींमधून दिसत होता तो राखाडी रंगाचा नुसता एक पट्टा.

"इथे करतात तरी काय दिवसभर?" ताई म्हणाली.

"असतं काहीतरी," धाकटा म्हणाला, आणि न विचारता उजवीकडच्या गल्लीत वळला.

आत्याने दार उघडलं ते कुणा पुरुषाचा जाडजूड स्वेटर घालून. तिची उभी हयात पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत गेली होती. माणूस समोर आला की आधी त्याला आपादमस्तक न्याहाळायची सवय तिला तिथलीच.

"वाळलीस गं," ती ताईला म्हणाली.

"अप्पा कुठे आहेत?"

"खाली, पहिल्या मजल्यावर. शिक्षिकाबाईंची खिडकी बसवतोय. येईल एवढ्यात. बसा."

"खिडकी बसवतायत?"

"मग? सुतार काय विणकाम करणार?" आत्या हसत स्वयंपाकघरात गेली. "खाऱ्या हवेने लाकूड फुगतं. इथे एका घराची खिडकी धड लागत नाही. त्याला कळलं, आणि झालं. अख्खी इमारत रांगेत उभी आहे."

आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं की लाकडाचा भुसा फुप्फुसांना विष आहे. तिने अप्पांची हत्यारांची पेटी स्वतः माळ्यावर ठेवली होती आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली होती. ती धाकट्याकडे वळली. तो बुटाची नाडी सोडत होता, आणि त्या नाडीला आज जरा जास्तच वेळ लागत होता.

टेबल मांडायचं होतं. भावजय उठली, स्वयंपाकघराच्या दारामागे गेली, खालचं कपाट उघडून ताटल्या काढल्या. मग वरच्या खणातून पेले. मग खिडकीखालच्या डब्यातून चमचे. एकदाही तिने आत्याला विचारलं नाही. दारामागे कपाट आहे हे ताईला बसल्या जागेवरून दिसतसुद्धा नव्हतं.

"तुला कसं माहीत?" ताईने विचारलं.

"काय?"

"ताटल्या तिथे असतात ते."

भावजयीचा हात चमच्यांवरच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगा आता," भावजय त्याला म्हणाली. "मी कधीपासून म्हणतेय, सांगून टाका."

"आम्ही येतो अधूनमधून," धाकटा म्हणाला. "रविवारी."

"अधूनमधून म्हणजे?"

"म्हणजे... एक रविवार सोडून एक."

ताईला आठवलं, रविवारी फोन केला की धाकट्याच्या घरी कुणी उचलायचं नाही. 'बाहेर गेलो होतो' एवढंच तो सोमवारी सांगायचा. कुठे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आपल्याशिवाय त्यांचं काही चाललेलं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू लगेच निघाली असतीस त्यांना आणायला," धाकटा म्हणाला. "आणि त्यांना नाही यायचं, ताई. ते फोनवर सांगू शकत नव्हते. मला म्हणाले, तू सांग. माझी काही छाती झाली नाही. म्हटलं, तिला इथे आणतो, समोरासमोर होऊ दे."

"बसमध्ये तर म्हणालास, घेऊनच परतायचं."

"बसमध्ये बोलायला काय जातं?" तो ओशाळून म्हणाला. आत्याने गॅस बारीक केला.

तेवढ्यात अप्पा आले. जिन्यात त्यांचा खोकला आधी ऐकू आला, आणि मग ते दारात उभे राहिले. चेहरा भरला होता, उन्हावाऱ्याने काळवंडला होता. बाहीवर भुसा होता. ताईला बघून त्यांनी तो झटकला. शिक्षकाने पकडलेल्या मुलासारखा त्यांचा हात चटकन पाठीमागे गेला.

"आलीस?" ते म्हणाले.

"आले."

जेवताना मासे होते, उकडलेले बटाटे होते, पाव होता. कुणाला भूक नव्हती, आणि सगळे खात होते. आत्याने शिक्षिकाबाईंच्या मांजराची एक गोष्ट सांगून पाहिली, पण ती कुणी उचलून धरली नाही.

"अप्पा, ताई तुम्हाला न्यायला आली आहे," शेवटी धाकटा म्हणाला.

ताईने ऐकलं. सकाळी 'आपण' होतो, आता 'ताई' झाली होती.

"डॉक्टरांनी भुसा वर्ज्य सांगितलाय," ती आत्याकडे बघत म्हणाली. "तुला हे ठाऊक होतं. तरी तू त्यांना करू देतेस."

"मी त्याची बहीण आहे, मुकादम नाही."

"उद्या काही झालं तर?"

"तर डॉक्टरला बोलवीन. इथेही डॉक्टर असतात, बरं का."

"तू बोलावशील, फुलं आणशील आणि हसवशील. पुढचं कोण करणार?"

आत्याचा चेहरा पडला. हा घाव किती वर्षांपासून राखून ठेवलेला होता ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळलं.

"ताई," भावजय सावकाश म्हणाली, "राग येऊ देऊ नका. पण तुमच्या घरी ते खुर्चीतून उठले की तुम्ही विचारता, कुठे निघालात. पाणी प्यायला उठले तरी. मी पाहिलंय. ते परत बसतात."

"मी काळजीने विचारते."

"काळजीनेच. म्हणून तर त्यांना बोलता येत नाही."

"अप्पा, तुम्ही बोला," ताई म्हणाली. "ही सगळी तुमच्या वतीने बोलतायत. तुम्हीच काय ते सांगा."

अप्पा डाव्या बाजूने घास घोळवत होते. तो गिळायला त्यांना वेळ लागला. "काय बोलू," ते म्हणाले. "सगळं बोलून झालंच की." मग ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. या वेळी ताईच्या तोंडाशी आलेला 'कुठे निघालात' तिने दाताखाली धरला.

ती बसून राहिली. धाकट्याने तिच्या पेल्यात पाणी ओतलं. तिने ते प्यायलं नाही. त्या घासाकडे तिचं लक्ष गेलं होतं. डाव्या बाजूने चावणं, मध्येच जीभ खाली दाबणं, पाव बुडवून मऊ करून घेणं. राजधानीत एका डेंटल लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांत ती प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची. अप्पांची कवळीही तिनेच केली होती. लोक जेवताना काय लपवतात ते तिला लगेच दिसायचं.

ती उठली. "आत्या, तुझ्याकडे लिपस्टिक आहे?"

आत्या बघतच राहिली. "आता गं कुठे निघालीस नटून?"

"दे तर खरं."

अप्पांची खोली म्हणजे उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने द्यायची खोली. पलंग अरुंद, भिंतीवर जहाजाचं स्वस्तातलं चित्र. खिडकीपाशी एक फळी, तिच्यावर रंधा, छिन्नी, पॉलिश पेपरचे तुकडे. खिडकीतून मात्र समुद्र पुरा दिसत होता. अप्पा पलंगाच्या कडेवर बसले होते.

"खालची कवळी टोचतेय," ताई म्हणाली. "किती दिवस?"

"झाले असतील थोडे."

"काढा. तोंड उघडा. उजेडाकडे."

त्यांनी काढली आणि खिडकीकडे तोंड केलं. ताईने बोटाने हिरडी चाचपली. मागे उजव्या बाजूला लालभडक चट्टा पडला होता. तिने लिपस्टिकचा एक ठिपका त्याच्यावर लावला, कवळी पुसून परत बसवली, हलकेच दाबली. कवळी काढली तेव्हा ठिपका तिच्यावर उमटला होता. जिथे टोचत होतं तीच जागा. फळीवरून तिने सगळ्यात बारीक पॉलिश पेपर उचलला आणि घासायला सुरुवात केली.

अप्पा तोंड मिटून बसले होते. दातांशिवाय त्यांचे गाल आत गेले होते, आणि मघाचा भरलेला चेहरा कुठल्या कुठे गेला होता. ते बोलणार नाहीत हे तिला माहीत होतं. दात नसताना त्यांना बोलायची लाज वाटायची. म्हणून तीच बोलली.

"मला कळवायला हवं होतं," ती म्हणाली. "मी गाद्या उन्हात घालत बसले. खिडकीच्या फटी बुजवल्या. कापडाने बुजवल्या, तुम्ही हसाल. शेजाऱ्यांना सांगत होते, येतील पुढच्या आठवड्यात. एखाद्या खुळ्या बाईसारखी."

तिने ठिपका बघितला. अजून थोडा होता.

"आईचं केलं, तुमचं केलं. कुणी सांगितलं म्हणून नाही केलं. पण कुणी नको असंही म्हणालं नाही. तेव्हाच म्हणायला हवं होतं, अप्पा. माझं वय होतं तेव्हा."

ती घासत राहिली. पॉलिश पेपरचा आवाज तेवढा होत होता. मग अप्पा बोलले. बिनदातांचे शब्द ओठांतून सांडत होते, आणि तिला वाकून ऐकावं लागलं.

"तुझी आई गेली. तू तिची खाट घरातून काढलीस. आजारपण घरातच ठेवलंस." त्यांनी दम घेतला. "ते जुन्या कपड्यासारखं रिकामं पडलं होतं. ते तू मला घातलंस. मी घालून घेतलं. तुला बरं वाटायचं म्हणून."

ताईचा हात थांबला.

"तू वाईट नाही केलंस," ते म्हणाले. "तू नसतीस तर मी न्यूमोनियातच आटोपलो असतो. पण तिथे मी सकाळी उठतो तो आजारी उठतो. इथे उठतो तेव्हा कुणाची तरी खिडकी राहिलेली असते."

"इथे तुम्ही लवकर जाल. हा भुसा, ही दमट हवा. तो खोकला मी जिन्यातून ऐकला."

"जाईन."

"एवढं सहज म्हणता?"

"सहज नाही. पण जाईन तर दारातून जाईन, गं. खाटेवरून नाही."

ताईने फुंकर मारून कवळीवरची पूड उडवली. खाली वाळूवर एक कुत्रा कुणाचाही नसल्यासारखा एकटाच धावत होता.

"आणि मी?" तिने विचारलं. "मी काय करू?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे बघत होते.

"त्याचं उत्तर मला येत असतं," ते म्हणाले, "तर इतके दिवस फोनवर 'बघू, बघू' करत बसलो नसतो."

ती उठली. बेसिनवर कवळी धुतली, आत्याच्या दंतमंजनाने ती जागा आरशासारखी होईपर्यंत चोळली, परत धुतली. अप्पांनी ती बसवली, तोंड हलवून पाहिलं. तिने टेबलावरून पावाची कडक कड आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजव्या बाजूने चावली.

"बसली," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज पुन्हा त्यांचा होता.

"आठवड्याभरात परत टोचली तर स्वतःच घासत बसू नका. सुताराचं काम वेगळं."

"बरं."

"फोन करा. मी येईन."

"नुसतीच ये की," अप्पा म्हणाले. "टोचलं नाही तरी."

नुसतंच येणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते तिला समजेना.

धाकटा आणि भावजय संध्याकाळपर्यंत थांबणार होते. धाकट्याने "मी सोडतो ना तुला" असं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भावजयीने पावाचा तुकडा कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकला. "आमच्याकडे या झोपायला आज," ती हळूच म्हणाली. ताईने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ 'नाही' असा होता, पण तुटक नव्हता.

थांब्यापर्यंत आत्या आली. तो स्वेटर आणि पायात रबरी बूट. दोघी वाऱ्याला पाठ देऊन उभ्या राहिल्या.

"मला वाटलं होतं, आज चांगली भांडशील," आत्या म्हणाली.

"भांडले की."

"ते कसलं भांडण. एकच दगड मारलास. बसला मात्र वर्मी." आत्याने नाक पुसलं. "तुझ्या आईजवळ मला बसवत नव्हतं, पोरी. मी यायचे, हसायचे आणि परत येताना बसमध्ये रडायचे. त्याने काही तुझं काम हलकं झालं नाही, ते मला कळतं."

ताईने हे कधी ऐकलं नव्हतं.

"त्याला सांभाळीन असं काही मी तुला सांगत नाही," आत्या पुढे म्हणाली. "त्याला सांभाळलेलं खपत नाही. पण जेवायला हाक मारीन."

"रात्री खोकला वाढला तर उशा दोन द्यायच्या," ताई म्हणाली. "आणि झोपायच्या आधी कोमट..." ती थांबली. "असू दे. ते सांगतील त्यांना हवं ते."

बस आली. आत चालकाशिवाय कुणी नव्हतं. ताई मधल्या एका सीटवर बसली. आत्या थांब्यावर हात हलवत उभी राहिली. बस वळेपर्यंत ताईनेही हात काचेला लावून ठेवला होता. मग तो मांडीवर घेतला. बोटांना अजून दंतमंजनाचा वास होता. ती रडली नाही. रडायला कुणावर तरी राग असावा लागतो, आणि सकाळी भरभरून आणलेला राग तिकडेच कुठेतरी राहून गेला होता. तिने पावाचा तुकडा काढला आणि भूक नसताना सगळा खाल्ला.

राजधानीत उतरली तेव्हा दिवे लागले होते. घरी पोचली तर जिन्यात समोरची शेजारीण कचऱ्याची बादली घेऊन उभी होती. शेजारीण तिच्या मागे डोकावली.

"हे काय, अप्पा नाही आले?"

"नाही."

"मग पुढच्या आठवड्यात?"

ताई किल्ली शोधत होती. ती सापडली, तरी तिने ती लगेच कुलपाला लावली नाही.

"नाही," ती म्हणाली. "ते आता तिथेच राहतात. बहिणीकडे. खिडक्या बसवतात लोकांच्या."

"अगंबाई. मग इथे तुम्ही एकट्याच?"

"हो. एकटीच."

शेजारणीने बादली खाली ठेवली. मग ती नेहमीचंच बोलली. "मग या की आत. चहा टाकते."

ती हे नेहमी म्हणायची, आणि ताईकडे उत्तर तयार असायचं. अप्पांच्या गोळीची वेळ झालीय. अप्पा वाट बघत असतील. अप्पांना आत्ताच डोळा लागलाय. आताही ताईने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

"आज नको," ती म्हणाली.

शेजारीण थोडा वेळ कारणाची वाट बघत उभी राहिली. कारण आलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या या."

"उद्या येते," ताई म्हणाली, आणि दार उघडून अंधारात शिरली.